फॅड सोडण्यापूर्वी: मासे जमवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मासे जमावेत म्हणून पाण्यात फांद्या, नळ्या, तराफे, दिवे सोडणारी सगळी हौशी मंडळं आणि त्यांना परवानगी देणाऱ्या तलाव-समित्या

स.न.वि.वि.

पत्राचं कारण एक ढीग आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणांनी मिळून एका जलाशयात फांद्यांचा भलामोठा ढीग बुडवला. दोन होड्या, अख्खा रविवार आणि हातापायांवर ओरखडे, एवढा खर्च झाला. जागा निवडली ती सगळ्यात खोल. आमचं गणित साधं होतं: खोल पाणी, मोठे मासे. मग उन्हाळाभर त्या ढिगावर गळ टाकून बसलो आणि एक मासा लागेल तर शपथ. शेवटी एकाकडून सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, उसना आणला आणि होडी ढिगावरून फिरवली. पडद्यावर ढीग अगदी ठळक दिसत होता, आजूबाजूला मात्र शुकशुकाट. मासे होते, पण ढिगाच्या कितीतरी वर, कपडे वाळत घातल्यासारखे एका आडव्या रेषेत. त्या रेषेखाली एकही नाही.

त्या रेषेच्या आसपासच्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पाला-गाळ खालच्या पाण्यातला ऑक्सिजन खात राहतो आणि वरून नवा ऑक्सिजन पोहोचत नाही. थोडक्यात, आम्ही माशांसाठी बंगला बांधला होता, पण हवा नसलेल्या तळघरात.

हा पट्टा शोधायला सोनारच हवा असं नाही, हे नंतर कळलं. रुंद तोंडाच्या बाटलीत साधा थर्मामीटर ठेवायचा, बाटलीला दगड बांधायचा, तोंडाला बूच लावून बुचाला वेगळी दोरी बांधायची. मुख्य दोरीवर मीटरमीटरला गाठी. हवी ती खोली आली की बुचाची दोरी हिसडायची, बुडबुडे थांबेपर्यंत आणि वर आणखी दोन मिनिटं थांबायचं, बाटली भरभर ओढून आकडा वाचायचा. वरच्या थरात मीटरमागे फारसा फरक पडत नाही. मग एका ठिकाणी तापमान मीटरमागे एक अंश किंवा त्याहून जास्त घसरायला लागतं. तो थर्मोक्लाइन. भर उन्हाळ्यात पाणी थरांत विभागलेलं असताना ढिगाचा माथा या पट्ट्याच्या वर असलाच पाहिजे. हे सगळं करायला आम्हाला एक सकाळ पुरली असती.

ही चूक आमच्या एकट्याची असती तर पत्र लिहिलं नसतं. मंडळांच्या बैठकांना मी बसलो आहे. साहित्य कुठून आणायचं, होडी कुणाची, फोटो कोण काढणार यावर तासभर चर्चा होते. खोली किती, प्रवाह कुठून कुठे, नोंद कोण ठेवणार, आणि पाच वर्षांनी ही वस्तू बाहेर कोण काढणार, हे प्रश्न निघतच नाहीत. मासे जमवणाऱ्या या साधनांच्या इंग्रजी नावाची (फिश ॲग्रिगेटिंग डिव्हाइस) आद्याक्षरं जोडली की 'फॅड' होतं. मराठीत फॅड कशाला म्हणतात ते वेगळं सांगायला नको. एकाच ढिगाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

कल्पना जुनीच आहे. फिलिपिन्समध्ये बांबूच्या तराफ्याखाली माडाच्या झावळ्या टांगून ते समुद्रात नांगरतात, त्याला पायाओ म्हणतात. माल्टाचे मच्छीमार माही-माही माशासाठी झावळ्या लावलेले तरंगते तराफे दगडाला बांधून सोडतात. बेनिनमधल्या उथळ खाजणांत फांद्या रोवून पाण्यातली बाग उभी करतात, तिचं नाव अकाजा. बांगलादेशात त्याच जातीचा प्रकार काठा म्हणून चालतो. या लोकांचं पोट त्या झावळ्यांवर आणि फांद्यांवर आहे, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा तिथे जातात, कुजलेलं बदलतात, वाहून गेलेलं शोधतात. आपण उद्घाटन करतो आणि घरी येतो.

मासे जमतात कशासाठी, हे एकदा हातात घेऊन पाहा. गोड्या पाण्यात सोडलेली फांदी तीन-चार आठवड्यांनी बाहेर काढा आणि तिच्यावरून अंगठा फिरवा. बुळबुळीत लागेल. त्या बुळबुळीत शेवाळ असतं, शेवाळावर चरणारे बारीक किडे आणि गोगलगायी असतात, त्यांना खायला बोटाएवढे मासे येतात, आणि त्या माशांवर नजर ठेवून मोठे बाहेरच्या सावलीत उभे राहतात. म्हणजे ढीग हे खाणावळही आहे, आडोसाही आहे आणि दबा धरायची जागाही. उघड्या समुद्रात खाण्याचा भाग कमी आणि खुणेचा जास्त असावा असं दिसतं. चहूकडे निळं पाणी, कुठे काही नाही, तिथे एक तरंगता ओंडका म्हणजे चौकातलं वडाचं झाड. विखुरलेले मासे तिथे एकमेकांना भेटतात असा एक तर्क अभ्यासकांमध्ये आहे. कुपा, म्हणजे ट्यूना, समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या बोयाकडे आठ-दहा किलोमीटरवरूनही वळतो असं खुणा लावलेल्या माशांवरून दिसलं आहे.

हे समजलं की ढीग कसा रचायचा ते आपोआप सुचतं. नुसता दाट ढीग पिल्लांच्या कामाचा. मोठा मासा त्यात शिरू शकत नाही आणि आपला गळ मात्र शिरतो आणि अडकतो. नुसता विरळ ढीग असेल तर बारके मासे टिकत नाहीत, मग मोठ्यांनी यायचं कशाला? मी आता मध्ये दाट जुडी ठेवतो आणि तिच्या भोवती हात-दीड हात अंतर सोडून उभ्या, जाड फांद्या लावतो. उभ्या फांदीत गळ कमी अडकतो. आडव्या पसाऱ्यात आकडे गमावण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

जागेबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचं तुमचं पाणी तुम्हाला शिकवेल: सपाट, उघड्या तळाच्या मध्यावर काही टाकू नका. मासे आधीच ज्या वाटेने येतात-जातात तिच्या कडेला टाका. बुडालेल्या जुन्या ओढ्याचा काठ, एकदम खोल होणारी कड, पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक, ओहोळ येऊन मिळतो ती जागा. रिकाम्या मैदानात टपरी टाकली तर गिऱ्हाईक शोधत येत नाही, रहदारीच्या रस्त्याला लावली तर थांबतं. एकाच जागी डोंगर करण्यापेक्षा त्याच कडेवर वेगवेगळ्या खोलींना तीन-चार लहान ढीग ठेवले तर ऋतू बदलला, पाणी तापलं-निवलं तरी एखादा कामाला येतो. आणि जलाशयाचं पाणी उतरतं हे विसरू नका. भरल्या पाण्यात पाच मीटर असलेली खोली उन्हाळ्यात दीड मीटर झाली की तुमच्या ढिगावर पहिल्यांदा मासा येत नाही, कुणाच्या तरी होडीचा पंखा येतो. खोली मोजायची ती सर्वांत कमी पाण्याला धरून.

साहित्यावर बैठकांमध्ये वाद होतात म्हणून थोडं तपशिलात. कठीण लाकूड जास्त टिकतं. मऊ, चिकाच्या झाडाच्या बारीक काटक्या एक-दोन वर्षांत झडतात आणि नुसता दांडा उरतो. ओली फांदी लवकर बुडते, वाळलेली तरंगायला बघते. कायम पाण्याखाली राहिलेलं लाकूड टिकतं, पाणी उतरल्यावर वारंवार उघडं पडणारं लवकर कुजतं. बांबू वापरणार असाल तर प्रत्येक पेराला भोक पाडा किंवा उभा चिरून घ्या, नाहीतर पेरापेरांत कोंडलेली हवा सगळा सांगाडा वर आणते. मध्यरात्री तलावावर आपला सांगाडा तरंगताना पाहिला आहे, म्हणून सांगतो. पीव्हीसीच्या नळ्यांचंही तेच, भोकं हवीतच. नळ्या वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यांवरून आकडा सुटून येतो हा फायदा. पण कोऱ्या नळीवर शेवाळ धरायला वेळ लागतो, आणि तुटली तर ती प्लास्टिकचा कचरा आहे हे लपत नाही. नळीचा बाहेरचा भाग खरखरीत कागदाने घासून घेतला तर शेवाळ लवकर धरतं. रंगवलेलं, औषध मारलेलं लाकूड, टायर, जुनी उपकरणं यांचं नावही काढू नका. टायरवर पुढे येतोच.

वजनाचं गणित बहुतेक जण चुकवतात. काँक्रीटची घनता पाण्याच्या साधारण 2.4 पट असते. म्हणून जमिनीवर 20 किलो भरणारा ठोकळा पाण्यात गेल्यावर जेमतेम साडेअकरा किलोएवढंच खाली ओढतो, बाकीचं वजन पाणी उचलून धरतं. घरी तराजूवर बघून 'पुरे' म्हणालेले ठोकळे पहिल्या पुरात फांद्यांसकट गावाला जातात ते यामुळे. बांधायला शक्यतो काथ्या किंवा तागाची दोरी वापरा. ती कुजेल तोवर फांद्या भिजून जड झालेल्या असतात. नायलॉनची दोरी कुजत नाही, ढीग मोडला तरी ती तशीच उरते आणि मग कासव, पाणपक्षी, पंखे, जे येईल ते धरते. आम्ही आमच्या ढिगाला नायलॉनच वापरली होती. त्याचं पुढे.

आता खारं पाणी. समुद्रात ढीग बुडवण्यापेक्षा बोया नांगरण्याचा प्रकार जास्त, आणि त्यातलं खरं काम बोया आणि नांगर यांच्यामधल्या दोराचं आहे. हवाईमध्ये 1980 पासून राज्य सरकार असे बोये ठेवत आलं आहे. पॅसिफिकच्या बेटांवर गरीब मच्छीमारांसाठीही ते वापरतात. शेकडो मीटर खोलीत बोया टिकवायचा तर दोर खोलीपेक्षा लांब लागतो, म्हणजे ढील आली. ही ढील वर तरंगली तर पंख्यात जाते, खाली पडली तर खडकावर घासून तुटते. यावरची युक्ती मला फार आवडते. वरचा भाग नायलॉनचा घ्यायचा, कारण नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड आहे (घनता साधारण 1.14), ते खाली झुकतं. खालचा भाग पॉलिप्रॉपिलीनचा घ्यायचा, ते हलकं आहे (साधारण 0.91), ते वर उचललं जातं. समुद्राचं पाणी 1.025 च्या आसपास, म्हणजे दोघांच्या मध्ये. सगळी ढील पाण्याच्या मधल्या भागात आडव्या वळशासारखी राहते, वरही नाही आणि तळावरही नाही. कुठलंही यंत्र नाही, फक्त दोन दोरांचा स्वभाव ओळखलेला.

तरीही बोये हरवतात. जोराच्या प्रवाहात बोया पाण्याखाली ओढला जातो आणि खोलवर साधा पोकळ बोया दाबाने चेपतो, मग तो कधीच वर येत नाही. बोयाखालचे पहिले काही मीटर माशांचे दात, आकडे आणि होड्यांचे पंखे यांच्या तडाख्यात असतात, तिथे साखळी किंवा संरक्षक नळी हवी. आणि कृपा करून होडी बोयाला बांधू नका. दहा मिनिटांची सावली तुम्हाला मिळते, दोराचं आयुष्य महिन्यांनी कमी होतं, नांगर सरकतो तो वेगळाच. एका ठिकाणी मी एकाच बोयाला चार होड्या लागलेल्या पाहिल्या. तीन आठवड्यांत बोया गायब. मग मंडळात 'चोरीला गेला' अशी नोंद झाली.

बोयावर मासे धरताना बहुतेक लोक थेट बोयापाशी जाऊन गळ टाकतात. तिथे लागतात ती बारकी. मोठे मासे बहुधा प्रवाह येतो त्या बाजूला, बोयापासून लांब आणि खोल असतात. आधी लांबून मोठा फेरा मारा, आमिष ओढत न्या, मग हळूहळू फेरा लहान करा. माही-माही वरच्या पाण्यात, कुपा खाली. उजाडताना वर, ऊन चढलं की आणखी खाली. उभी दोरी सोडून वेगवेगळ्या खोलींना आमिष लावलं तर कुठल्या खोलीला आज दार उघडं आहे ते कळतं. गोड्या पाण्यातल्या ढिगालाही हेच लागू: आधी कडा, मग पोट. पहिल्याच फेकीत मधोमध टाकून सगळे उधळू नका.

दिव्यांबद्दल. पाण्याखाली सोडलेला हिरवा दिवा मोठ्या माशाला बोलवत नाही. दिव्याकडे येतं ते तरंगणारं सूक्ष्म जीवन, त्यामागे बारके मासे, आणि मोठे उजेड-अंधाराच्या सीमेवर थांबतात. म्हणून गळ दिव्यावर टाकू नका, त्या सीमेवर टाका. गढूळ पाण्यात उजेड पसरून दुधाळ होतो, काम होत नाही. चांदण्या रात्री फरक कमी पडतो, अमावास्येच्या आसपास जास्त. आणि अर्धा-एक तास तरी धीर हवा. पाच मिनिटांत दिवा इकडून तिकडे हलवणाऱ्याला काही मिळत नाही. अनेक ठिकाणी दिवा लावून मासेमारीला बंदी आहे, ते आधी बघा. आमिषाचा मारा करण्याबद्दल तर एवढंच: साचलेल्या तळ्यात बादलीभर खाद्य ओतलं तर मासे खातात त्याहून जास्त कुजतं, आणि कुजणारं खाद्य ऑक्सिजन पितं. मूठ-मूठ, थांबून.

इथवरचं सगळं मासे कसे मिळतील याबद्दल झालं. तलाव-समित्यांना माझं मुख्य म्हणणं यापुढचं आहे. हे साधन मासे गोळा करतं. मासे वाढवतं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद कित्येक दशकं चालू आहे, आणि उत्तर जागेजागी वेगळं येतं. पिल्लांना आडोसाच नव्हता अशा उजाड पाण्यात ढिगाने खरोखर मासे वाढू शकतात. पण तलावभर विखुरलेले मासे तुम्ही चार ढिगांवर आणून ठेवले आणि त्या चारही ढिगांच्या खुणा सगळ्यांना दिल्या, तर पहिल्या वर्षी 'काय मासे वाढले' म्हणून टाळ्या पडतात आणि तिसऱ्या वर्षी तलाव रिकामा. पहिल्या वर्षीची टोपली ही वाढीचा पुरावा धरू नका.

मोठ्या प्रमाणावर काय होतं याचे दाखले आहेत. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ 1972 च्या सुमारास माशांना घर म्हणून सुमारे 20 लाख टायर समुद्रात टाकले गेले. हेतू चांगला, गाजावाजाही मोठा. जुड्या बांधणारे पट्टे तुटले, टायर सुटले, तळावर घरंगळत जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटले, आणि ते बाहेर काढण्याचं काम 2007 मध्ये सुरू करावं लागलं. हिंदी महासागरात औद्योगिक जहाजं वाहते तराफे सोडतात. त्यांच्याखाली लोंबणाऱ्या जाळ्यांत अडकून वर्षाला 4.8 ते 9.6 लाख सिल्की मुशी मरत असाव्यात असा अंदाज 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आला. त्या तराफ्यांखाली कुप्याची न वाढलेली पिल्लंही मोठ्या संख्येने जमतात आणि मोठ्यांबरोबर एकाच जाळ्यात येतात. त्यानंतर न अडकणारे, जाळी नसलेले तराफे वापरण्याचे नियम आले. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमध्ये एका जहाजाला एका वेळी अशा तराफ्यांना लावलेले 350 हून जास्त चालू बोये ठेवता येत नाहीत. आपला ढीग त्या मानाने चिमूटभर, हे मान्य. पण 350 तराफ्यांवर हिशेब मागणारं कुणीतरी आहे, आपल्या ढिगावर कुणीच नाही.

म्हणून समित्यांना विनंती आहे की परवानगीच्या अर्जात चार गोष्टी लिहून घ्या: सर्वांत कमी पाण्याला खोली किती राहील, जीपीएसवरची जागा कोणती, काय काय साहित्य आहे, आणि ते काढण्याची जबाबदारी कुणाची. शेवटच्या रकान्यात नाव नसेल तर अर्ज परत करा. दर तीन ढिगांमागे एक ढीग कायम बंद ठेवा, त्यावर गळ टाकायचा नाही. विणीच्या काळात उथळ काठाजवळचे सगळेच बंद ठेवा. मासा मोजून, लांबी लिहून सोडणारी वही ठेवा, त्याशिवाय वाद मिटायचा नाही. आणि एका पाण्यातून काढलेल्या फांद्या, दोर, बोये धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ देऊ नका. झेब्रा शिंपल्यासारखे नको असलेले पाहुणे अशाच सामानाला चिकटून तलावातलावांत पोहोचले आहेत.

मंडळांना विनंती एवढीच, की पुढच्या बैठकीत फोटोच्या आधी बाटली-थर्मामीटरचा विषय घ्या.

आणि आमचा ढीग. तो अजून तिथेच आहे, आणि त्याच्या नायलॉनच्या दोऱ्याही. पाणी सगळ्यात खाली जाईल तेव्हा तो काढायचा असं ठरलं आहे. होडीवरून चौकडी नांगर ओढून एकेक जुडी सोडवायची, दोऱ्या कापून पोत्यात भरायच्या, लाकूड बरं असेल तर थर्मोक्लाइनच्या वरच्या कडेला काथ्याने बांधून पुन्हा बसवायचं. मूळच्या सात-आठ जणांपैकी चौघं तयार आहेत. होड्या दोन आहेत, माणसं कमी पडतात. ज्या मंडळाला हे काम जवळून बघायचं असेल त्यांनी यावं. हातमोजे जाड आणा.

आपला,
ढिगाच्या मालकांपैकी एक